पुरात भिजलेल्या आणि चालू असलेल्या जुन्या हार्ड डिस्क: विकण्याआधी त्यांतला डेटा कायमचा कसा पुसायचा?

गावभाग_सांगली

नमस्कार. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) सांगलीत गावभागात एकतीस वर्षं हिशेब आणि टॅक्सची कामं करत होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ऑफिस बंद केलं. जागा महिनाअखेर रिकामी करून द्यायची आहे. कपाटं, खुर्च्या, कागदी फायली यांचं मार्गी लागलं. अडलंय ते कॉम्प्युटरांपाशी.

काय काय आहे ते सांगते. दोन डेस्कटॉप आहेत, एक विंडोज ७ चा आणि एक विंडोज १० चा. दोन्हींत ५०० जीबीची हार्ड डिस्क, दोन्ही चालू. एक लॅपटॉप, २५६ जीबी एसएसडीचा, तोही चालू. अण्णा दर शनिवारी बॅकअप घ्यायचे ती बाहेरून लावायची १ टीबीची डिस्क. २००५ च्या सुमाराचा एक कॉम्प्युटरचा डबा, त्यात ८० जीबीची डिस्क, रुंद पट्टीच्या केबलची. तो डबा सुरूच होत नाही, पण दोष डिस्कचा की बाकीच्याचा हे कळत नाही.

आणि एका गोणपाटात तीन डिस्क आहेत, २०१९ च्या पुरातल्या. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आमच्या ऑफिसात टेबलाच्या वर. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा सीपीयूंमधून ओंजळी भरून गाळ निघाला. शनिवारची बॅकअप डिस्क विश्रामबागला आमच्या घरी होती म्हणून काम तरलं. अण्णांनी त्या तीन डिस्क धुतल्या, वाळवल्या आणि ठेवून दिल्या.

मिरजेचा एक जुने कॉम्प्युटर घेणारा चालू वस्तूंचे मिळून अकरा हजार देतोय. म्हणाला, "फॉरमॅट मीच मारतो ताई, तुम्ही फक्त उचलू द्या." बाकीचं भंगारवाला नेईल.

माझी काळजी अशी की या डिस्कांत आमचं काहीच नाही, सगळं लोकांचं आहे. साडेतीनशेच्या वर पार्ट्या, म्हणजे अण्णांची गिऱ्हाइकं. त्यांचे पॅन, आधारचे स्कॅन, पासबुकं, विवरणपत्रं. हळदीच्या व्यापाऱ्यांचे वीस-वीस वर्षांचे हिशेब. एका एक्सेलमध्ये सगळ्यांचे पोर्टलचे पासवर्ड. दोन घरांच्या वाटणीचे कागद आहेत, जे त्या घरातल्या सगळ्यांनीही पाहिलेले नाहीत. अण्णा म्हणतात, अकरा हजार नाही आले तरी चालेल, पण कुणाचा कागद माझ्या हातून बाहेर जाता कामा नये.

तर फॉरमॅट केलं की खरंच पुसलं जातं का? पुराच्या डिस्क मेलेल्याच आहेत, त्या तशाच भंगारात दिल्या तर चालतील ना? एसएसडीचं काही वेगळं असतं असं ऐकलंय, ते काय? मी शाळेत गणित शिकवते. कॉम्प्युटर रोज वापरते, पण कमांड वगैरेची सवय नाही. पायरीपायरीनं सांगितलंत तर नक्की करीन.

माग_इचलकरंजी

ताई, आम्ही कारखान्याच्या ऑफिसचा कॉम्प्युटर विकला तेव्हा दोनदा फॉरमॅट केला आणि मग डिस्कवर सिनेमे भरले, डिस्क गच्च होईपर्यंत. वरून नवीन बसलं की जुनं जातं. सरकारी पद्धतीत सात वेळा लिहितात असं ऐकलंय, तेवढा वेळ असेल तर करा. पुराच्या डिस्कची चिंता करू नका. गाळात बसलेली डिस्क कोण उघडत बसणार?

पेचकस_कोल्हापूर

ताई, मी कोल्हापुरात २००२ पासून कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. गेली बारा-तेरा वर्षं त्यातलं निम्मं काम गेलेला डेटा परत काढून देण्याचं आहे. लोक "सगळं उडालं हो" म्हणत डिस्क घेऊन येतात आणि बहुतेक वेळा ते उडालेलं नसतं. तुम्हाला नेमकं तेच नको आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुराच्या डिस्क. इचलकरंजीच्या भाऊंनी लिहिलं तसंच बहुतेकांना वाटतं, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याच तीन डिस्कांची आहे. पाण्यानं बिघडतो तो डिस्कच्या खालचा हिरवा बोर्ड, आणि आत गाळ गेला तर वाचणारी सुई. माहिती असते ती तबकडीवर, चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात. पाण्यानं चुंबकत्व जात नाही. २०१९ च्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझ्याकडे चाळीसेक डिस्क आल्या, शिरोळ तालुक्यातल्या, शाहूपुरीतल्या, तुमच्या सांगलीच्याही. कित्येकांना फक्त दुसरा बोर्ड बसवावा लागला. त्याच मॉडेलचा बोर्ड आणायचा, जुन्यावरची छोटी चिप काढून त्यावर चढवायची, की डिस्क उठून बसायची. आत गाळ गेलेल्या डिस्क मी धूळमुक्त खोली असलेल्या लॅबला पाठवल्या आणि त्यांतल्याही अनेक भरलेल्या परत आल्या. ज्यांनी पाणी ओसरताच घाईनं करंट दिला त्यांचं जास्त नुकसान झालं. तुमच्या अण्णांनी धुऊन, वाळवून, करंट न देता ठेवल्या. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला हव्या तशाच.

याहून टोकाचं उदाहरण सांगतो. २००३ मध्ये कोलंबिया यान परतताना आकाशात तुटलं, आपली कल्पना चावला होती त्यात. त्या यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क टेक्सासमध्ये कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाशी सापडली. जळून काळी पडलेली, कडेची सीलं वितळलेली. त्यातला सुमारे ९९ टक्के डेटा निघाला आणि त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये छापून आला. गोणपाटातल्या डिस्कना मेलेलं समजू नका, एवढंच मला सांगायचंय.

चालूच होत नसलेल्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरनं पुसण्याचा प्रश्न मिटतो. ती फोडावीच लागते. फोडणं म्हणजे वरून हातोडा घालणं नव्हे. हातोड्यानं झाकण चेपतं आणि आत तबकडी शाबूत राहते. डेस्कटॉपची डिस्क असेल तर आठ नंबरच्या टॉर्क्सनं, म्हणजे सहा टोकांच्या पेचकसानं, झाकण उघडा. एक स्क्रू सहसा लेबलच्या खाली लपलेला असतो, लेबल दाबून पाहिलं की खड्डा लागतो. मग ड्रिल मशीनवर धरून तबकडीतून आरपार चार-पाच भोकं पाडा. या तबकड्या बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये मात्र बहुधा काचेच्या असतात आणि त्या फुटताना बारीक तुकडे उडवतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. जाळू तर अजिबात नका. बोर्डाचा धूर विषारी असतो.

आता चालू डिस्क. साधं फॉरमॅट म्हणजे क्विक फॉरमॅट. त्यात फायलींची यादी नवी कोरी होते, फायली जागच्या जागी राहतात. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून रानातला ऊस जात नाही, तसं. विंडोज विस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट खरोखर सगळीकडे शून्यं लिहितो. एक्सपीतला पूर्ण फॉरमॅट फक्त खराब जागा तपासायचा, पुसायचा नाही. मिरजेचा माणूस यांतलं कुठलं फॉरमॅट मारतो, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

दहाएक वर्षांपूर्वी एकानं कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी ३२० जीबीची वापरलेली डिस्क विकत घेतली आणि तपासायला माझ्याकडे दिली. कोरी दिसत होती. सवयीनं फोटोरेक चालवलं, उडालेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. चाळीस मिनिटांत सोनोग्राफीचे रिपोर्ट यायला लागले. बायकांची नावं, वयं, गावं, सगळं. मी तिथंच थांबवलं आणि त्या माणसासमोर ती डिस्क पूर्ण पुसली. तेव्हापासून माझ्या दुकानात जुनी डिस्क घ्यायची तर मालकाच्या डोळ्यांदेखत पुसूनच घेतो, मग त्याला तीन तास बसावं लागलं तरी. त्या रिपोर्टांतली एकही बाई त्या दवाखान्याला विचारू शकणार नव्हती की माझं नाव कोल्हापुरात कसं आलं. तुमच्या अण्णांना जे वाटतंय ते मला म्हणून फार जवळचं वाटलं.

सिनेमे भरण्याबद्दल: भाऊ, त्यानं बरंच जुनं झाकलं जातं हे खरं, पण सगळं नाही. शेवटची थोडी जागा उरतेच, आणि प्रत्येक फाइलच्या शेपटाशी जुन्याचे अवशेष राहू शकतात. सात वेळांचं म्हणाल तर पीटर गुटमन नावाच्या संशोधकानं १९९६ मध्ये ३५ वेळा लिहिण्याचा क्रम मांडला होता, तो त्या काळच्या वेगवेगळ्या जातीच्या डिस्कांसाठी. पुढे त्यांनीच लिहिलं की नव्या डिस्कवर सगळे ३५ फेरे मारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिकाही चुंबकीय डिस्कला एक फेरी सहसा पुरते असंच धरून चालते. एकदाच लिहा, पण पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक छोट्या कप्प्यात. पाचशे जीबीला सात फेरे म्हणजे चौदाएक तास, तो वेळ तपासणीला द्या.

करायचं असं. श्रेडओएस नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. आत एनवाइप हा पुसणारा प्रोग्राम उघडतो आणि जोडलेल्या सगळ्या डिस्क सीरियल नंबरासकट दाखवतो. डिस्कच्या लेबलावरचा नंबर जुळवा, शून्यांची एक फेरी निवडा, शेवटी पडताळणी चालू ठेवा. जुन्या ५०० जीबीला लिहायला दोन तासांच्या आसपास, पडताळणीला तेवढेच.

पेनड्राइव्हचं जमलं नाही तर डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट चालवा, 'लिस्ट डिस्क'नं यादी पाहा, 'सिलेक्ट डिस्क'नं नंबर निवडा आणि 'क्लीन ऑल' म्हणा. नुसतं 'क्लीन' नको, त्यानं फक्त विभागणी जाते. 'क्लीन ऑल' चालू असताना पडद्यावर काहीच हलत नाही, मशीन अडकलंय असं वाटतं. अडकलेलं नसतं, थांबा. आणि हात जोडून सांगतो, डिस्क शून्य ही सहसा त्या मशीनची स्वतःची असते. ती निवडली तर चालू कॉम्प्युटर पुसून बसाल. नको असलेल्या सगळ्या डिस्क, पेनड्राइव्ह आधी काढून ठेवा.

१ टीबीची डिस्क निळ्या यूएसबी खाचेत लावा. जुन्या काळ्या खाचेत नऊ-दहा तास जातील, निळ्यात तीनएक तास. ८० जीबीवालीसाठी आयडीई (तीच रुंद पट्टीची केबल) ते यूएसबी असा अडॅप्टर मिळतो. तो स्वतःच्या वेगळ्या वीजजोडणीसह येतो. डिस्क फिरली तर पुसा, नाही फिरली तर गोणपाटातल्यांबरोबर ड्रिलखाली.

एसएसडी. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, माहिती चिपांत असते, म्हणून तिचा स्वभावच वेगळा. तुम्ही एका जागी लिहा म्हणालात तरी ती झीज वाटून घ्यायला दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुनी जागा मागे पडून राहते. शिवाय तिच्यात राखीव जागा असते, जी विंडोजला दिसतच नाही. म्हणून वरून शून्यं लिहिणं तिला पुरत नाही. तिला आतूनच आज्ञा द्यावी लागते, सिक्युअर इरेजची. अनेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सिक्युरिटीच्या पानावर ही सोय असते. आधी तिथं बघा. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या लोकांनी एसएसडीच्या चिपा सोडवून तपासल्या तेव्हा काही कंपन्यांनी ही आज्ञा नीट बसवलेलीच नव्हती. एका एसएसडीनं तर 'झालं' असं कळवलं आणि डेटा होता तसाच होता. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. तरी मी तुमच्या जागी असतो तर सिक्युअर इरेज करून एसएसडी काढून घेतली असती आणि लॅपटॉप तिच्याविना विकला असता.

शेवटचं. पुसल्यावर स्वतः परत काढून बघा. फोटोरेक लावा. एकही फाइल सापडली नाही तरच ती डिस्क माझ्या लेखी पुसली.

सीए_सदाशिव

वरचं सगळं वाचलं, फार उपयोगी लिहिलंय. पण ताई, पुसायच्या आधी दोन-तीन गोष्टी.

जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. जबाबदारी पार्टीची असली तरी पुष्कळांच्या हिशेबाची एकमेव प्रत तुमच्याच डिस्कवर असेल. म्हणून आधी चालू पार्ट्यांना त्यांचा त्यांचा डेटा द्या आणि पोच घ्या. तुमच्याकडे काही ठेवायचं असेल तर एका नव्या डिस्कवर, आणि ती डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकरनं पासवर्ड लावून कुलूपबंद करून.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनवरून सरेंडर करा, म्हणजे सोडवून घ्या, मग पुसा. आमच्याकडे एकदा उलटं झालं आणि लायसन्स सोडवून घेण्यात आठवडा गेला. टॅलीचा डेटा १००००, १०००१ अशा आकड्यांच्या फोल्डरांत असतो. अण्णांनी तो डी ड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवरही ठेवला असेल. कॉपी करताना ते शोधा, आणि कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडते का पाहा.

डिजिटल सही टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या कांडीत असते, डिस्कवर नाही. पार्ट्यांची टोकनं ऑफिसच्या खणात राहिली असतील तर ती ज्याची त्याला परत द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती पासवर्डची एक्सेल. डिस्क पुसली जाईलच, पण ज्यांचे पासवर्ड त्यात आहेत त्यांना निरोप द्या की आता बदला.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयाच्या आयटी विभागात काम करते, मूळची साताऱ्याची. "फॉरमॅट मीच मारतो, तुम्ही फक्त उचलू द्या" हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

इथं ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांचं प्रकरण आमच्या प्रशिक्षणात शिकवतात. सुमारे हजार जुन्या डिस्क नष्ट करायचं काम एका कंत्राटी माणसाला दिलं होतं. २०१० मध्ये त्यांतल्या काही ईबेवर विकायला आल्या, रुग्णांच्या माहितीसकट. अगदी ज्या आजारांबद्दल माणूस घरीही बोलत नाही त्या विभागातली माहिती होती. २०१२ मध्ये त्या रुग्णालय-संस्थेला ३,२५,००० पौंडांचा दंड झाला. डिस्क विकणारा दुसराच होता, पण माहिती रुग्णांनी रुग्णालयाकडे दिली होती, म्हणून उत्तर रुग्णालयाला द्यावं लागलं.

आम्ही आता एक साधी वही ठेवतो. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, कुठल्या मशीनमधून निघाली, कशी पुसली किंवा फोडली, कोणी, कधी, आणि पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही. तुमच्याकडे आठ डिस्क आहेत, एक पान पुरेल. उद्या एखाद्या पार्टीनं विचारलंच तर अण्णा ते पान दाखवू शकतील.

गावभाग_सांगली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना सगळं वाचून दाखवलं. गोणपाट त्यांनी त्याच रात्री जिन्याखालून काढून कपाटात, कुलपात ठेवलं.

पार्ट्यांना डेटा द्यायला नऊ दिवस लागले. टॅली सरेंडर झालं. विंडोज ७ च्या मशीनची डिस्क काल श्रेडओएसनं पुसली, पडताळणीसकट चार तास दहा मिनिटं. फोटोरेक लावलं, शून्य फायली.

दोन ठिकाणी अडलेय. विंडोज १० च्या मशीनची डिस्क ६१ टक्क्यांवर आली की एरर द्यायला लागते आणि पुढे फार हळू सरकते. पुन्हा केलं, तेच. दुसरं, लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज मिळालं, पण ते दहा-बारा सेकंदांत संपलं. २५६ जीबी दहा सेकंदांत पुसली जाते यावर माझा विश्वास बसत नाहीये. काही चुकलं का?

पेचकस_कोल्हापूर

ताई, काही चुकलं नाही. बऱ्याच एसएसडी आत येणारं सगळं मुळातच कूटबद्ध करून लिहितात आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतात. इरेजची आज्ञा मिळाली की ती किल्ली टाकून नवी घेतात, किंवा सगळ्या चिपांना एकदम रिकामं व्हायला सांगतात. दोन्हीला सेकंदच लागतात. मात्र एसएसडीवर फोटोरेकनं शून्य दाखवलं तरी हार्ड डिस्कइतकी खात्री होत नाही, कारण रिकामी म्हणून नोंदवलेली जागा वाचायला गेलं की ती न वाचताच शून्य सांगते. म्हणून ती काढून घ्या हा सल्ला कायम. फोडायची असेल तर भोक हिरव्या पट्टीवर कुठंही नको, प्रत्येक काळ्या चिपमधून जायला हवं.

६१ टक्केवाल्या डिस्कवर आणखी वेळ घालवू नका. तिच्यात खराब सेक्टर आहेत. डिस्क खराब सेक्टर स्वतःच बाजूला काढते आणि त्यांच्या जागी राखीव वापरते. बाजूला काढलेल्यांत जुना मजकूर राहिलेला असू शकतो आणि तिथं साध्या लिहिण्यानं पोचता येत नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलंत तर पाच नंबरच्या ओळीत तो आकडा दिसेल आणि बहुधा पिवळी खूण असेल. अशी डिस्क विकूही नये, घेणाऱ्याचाही डेटा जाईल. पुराच्या तिघींबरोबर तिलाही ड्रिलखाली घ्या.

आणखी एक विचारायचं राहिलं. ऑफिसात कॅमेरे होते का? त्यांच्या रेकॉर्डरमध्येही अशीच डिस्क असते. आणि बॅकअपच्या सीडी, डीव्हीडी? त्या कात्रीनं कापल्या तरी चालतात.

गावभाग_सांगली

आज सगळं संपलं म्हणून कळवते.

८० जीबीवाली अडॅप्टरवर फिरली! आवाज मोठा, पण फिरली. पन्नास मिनिटांत पुसून झाली, फोटोरेक शून्य. पुसायच्या आधी अण्णांनी एकदा उघडून बघितली, २००५-०६ च्या फायली, त्यांत त्यांच्या पहिल्या दहा पार्ट्या. दोन जण आता हयात नाहीत. १ टीबीवालीचं निळ्या खाचेत लिहिणं आणि पडताळणी मिळून पावणेसहा तास.

चार डिस्क घेऊन आम्ही कुपवाड एमआयडीसीत मावसभावाच्या वर्कशॉपला गेलो. झाकणाचे स्क्रू तुम्ही सांगितले तसेच, एक लेबलखाली. पुराची पहिली डिस्क उघडली आणि मला धक्का बसला. गाळ फक्त कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी, चिमूटभर. तबकडी आरशासारखी लखलखीत. सहा वर्षं जिन्याखाली गोणपाटात पडलेली. अण्णांचा चेहरा दिसत होता तीत. ते काहीच बोलले नाहीत, बराच वेळ बघत उभे राहिले, मग भावाला म्हणाले, लाव मशीन.

प्रत्येक तबकडीत पाच भोकं. एसएसडीच्या दोन काळ्या चिपांतून आणि त्यांच्या शेजारच्या छोट्या चिपमधून एकेक. सीडी-डीव्हीडी चोपन्न निघाल्या, त्या मी आणि भाच्यानं कापल्या. सगळे तुकडे दोन डब्यांत भरलेत. ई-कचऱ्याचा परवाना असलेल्या केंद्राला देणार आहे, भंगारवाल्याला नाही.

वहीचं पान अण्णांनी स्वतः लिहिलं, लेजरसारख्या रेघा आखून. सीरियल नंबर, मशीन, पद्धत, तारीख. पुसणारी म्हणून माझी सही, पाहणारे म्हणून त्यांची. पासवर्ड बदला म्हणून दोनशे नव्वद जणांना फोन झालेत. उरलेल्यांत काहींचे नंबर बदललेत, त्यांना पत्र टाकतोय.

मिरजेच्या माणसाला लॅपटॉप एसएसडीविना आणि एक डेस्कटॉप डिस्कविना दाखवला तर तो सात हजारांवर आला. दिले.

आणि पेचकसदादा, तुम्ही कॅमेऱ्यांचं विचारलंत ते बरं झालं. दाराच्या वर, मीटरच्या पेटीशेजारी रेकॉर्डर होता, आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हता. त्यातही १ टीबीची डिस्क निघाली. पानावर नववी ओळ आखली आहे. आज रात्री लावते.